मनाच्या शक्तीने मशीनचे आकडे बदलतात, हे प्रिन्स्टनमध्ये सिद्ध झालं आहे का?

तुमचा प्रश्न असा आहे: सांगलीत विश्रामबागेतल्या एका हॉलमध्ये संकल्पशक्तीचं शिबिर भरलं होतं. तिथे एक गृहस्थ लॅपटॉपसमोर डोळे मिटून बसले आणि मशीनच्या आकड्यांची पडद्यावरची रेषा वर चढत गेली. ‘हे प्रिन्स्टन विद्यापीठात सिद्ध झालंय’ असं ते म्हणाले आणि आता तुमचा धाकटा भाऊ पुढच्या कोर्सची फी भरायला निघालाय.

सिद्ध झालेलं नाही. उलट प्रिन्स्टनचे आकडे नीट वाचले तर ते या गृहस्थांच्याच विरोधात जातात. मी इथे कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रयोग झाले, हे खरं. रॉबर्ट जान हे प्रिन्स्टनच्या इंजिनिअरिंग विभागाचे डीन होते. १९७९ साली त्यांनी यासाठी वेगळी प्रयोगशाळा काढली आणि ब्रेंडा डन यांनी ती सांभाळली. मशीनमधल्या इलेक्ट्रॉनिक भागात आपोआप विजेची खरखर उठते आणि तिच्यातून शून्य किंवा एक पडतो. थोडक्यात, भराभर होणारी छापा-काटा. एका फेरीत असे २०० टॉस, म्हणजे सरासरी १०० छापे. नुसत्या योगायोगानेही दहातल्या साधारण सात फेऱ्यांत हा आकडा ९३ ते १०७ च्या दरम्यान राहतो. समोर बसलेल्या माणसाने कधी ‘जास्त येऊ दे’ म्हणायचं, कधी ‘कमी येऊ दे’, कधी काहीच म्हणायचं नाही.

अशा लाखो फेऱ्या झाल्यावर त्यांनी स्वतः जो परिणाम सांगितला, तो दहा हजार टॉसमागे जेमतेम एकदोन छाप्यांचा होता. दहा हजार टॉसमध्ये छाप्यांची संख्या एरवीही सहज पन्नासभर वरखाली होते. दहा हजारांत एक एवढा फरक योगायोगातून खात्रीने वेगळा काढायचा, तर २२ कोटींहून जास्त टॉस लागतात. आता सांगा, संध्याकाळच्या कार्यक्रमात पाहुण्यांना डोळ्यांनी दिसेल अशी रेषा या परिणामाने कशी चढेल? ती खरंच मनाने चढवली असेल, तर या गृहस्थांची ताकद प्रिन्स्टनने सांगितली त्याच्या कितीतरी पट आहे. मग प्रिन्स्टनचा दाखला कशाला?

पुढचं ते सांगत नाहीत. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग आणि गीसेनच्या प्रयोगशाळांनी खुद्द प्रिन्स्टनला सोबत घेऊन हाच प्रयोग पुन्हा केला. २००० साली निकाल आला आणि मूळ परिणाम तिन्हीकडे मिळून सापडला नाही. २००६ मध्ये बॉश, स्टाइनकँप आणि बॉलर यांनी असे ३८० अभ्यास एकत्र तपासले. एकूण परिणाम अगदी बारीक निघाला आणि प्रयोग जितका छोटा तितका तो मोठा दिसत होता. फसलेले छोटे प्रयोग छापलेच गेले नाहीत, की असं चित्र तयार होतं. २००७ मध्ये जान यांची प्रयोगशाळा बंद झाली. त्या माणसांच्या प्रामाणिकपणावर मला बोट ठेवायचं नाही. त्यांनी आकडे जपले, मांडले, म्हणून तर आज ते तपासता येतात.

रेषा मग चढली कशी? लॅपटॉपमध्ये काही केलं होतं का, ते मी न बघता सांगणार नाही. पण काहीही न करतासुद्धा ती चढते. वर्गात मुलांना रुपयाचं नाणं उडवायला लावतो: छापा पडला की वहीत एक घर वर, काटा पडला की एक घर खाली. रेषा शून्याच्या आसपास घुटमळत राहील असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात ती एकदा एका बाजूला गेली की बराच वेळ तिकडेच राहते, आणि मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, ‘सर, नाणं खोटंय!’ त्यात कुठे थांबायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं म्हटलं, तर प्रत्येक जण आपली रेषा उंचावर असतानाच थांबतो. कार्यक्रमात ‘आता पुरे’ कोण म्हणालं होतं, ते भावाला आठवून बघायला सांगा. बोलाफुलाला गाठ पडली, तेवढ्यात खेळ थांबला, असं असू शकतं.

खरी चाचणी अवघड नाही. २० फेऱ्या, प्रत्येक फेरीत किती टॉस ते आधी कागदावर लिहून दोघांच्या सह्या. रेषा वर न्यायची की खाली, हे दर फेरीला तुम्ही चिठ्ठी उचलून सांगायचं. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण मशीन एका बाजूला झुकतं असलं तरी मग त्याचा फायदा मिळत नाही. मशीन त्यांचं नको, आणि झालेली प्रत्येक फेरी मोजायची. २० पैकी किमान १८ फेऱ्या सांगितल्या दिशेला गेल्या तरच दावा मान्य. निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता साधारण पाच हजारांत एक आहे.

आपल्याकडे अशी चाचणी झालेली आहे. २००८ मध्ये जयंत नारळीकरांनी पुण्यात ज्योतिष तपासलं तेव्हा निकष आधीच ठरले होते. सहभागी २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्या बघून मूल हुशार की गतिमंद ते सांगितलं. बरोबर उत्तरं निघाली सरासरी ४६ टक्के. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर या कामात सोबत होते. दावेदाराला अपमानित न करता, त्याच्या संमतीने, लेखी अटींवर तपासायचं, ही पद्धत त्यांनी आयुष्यभर लावून धरली. तुम्हीही तशाच नम्रपणे विचारा.

भावाशी मात्र वाद घालू नका. तो भोळा नाही, त्याने रेषा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. त्याच्यासोबत बसून नाणं उडवा, वहीत घरं भरा. फी भरण्याआधी त्या गृहस्थांना चाचणीचं पत्र त्यानेच द्यावं. ते तयार झाले तर मला इथेच निरोप टाका. मशीन, चिठ्ठ्या आणि मोजायला विद्यार्थी घेऊन मी येतो, हॉलचं भाडंही मी देईन.