नागपूर स्टेशनवर एखाद्या मुलीला फसवून नेत असल्याचा संशय आला तर काय करावं?

त्या माणसाशी हुज्जत घालू नका. तो सावध होऊन पुढची गाडी पकडतो. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे मार्ग इथेच एकमेकांना छेदतात, त्यामुळे हाताशी मिनिटंच असतात. मुलगी अल्पवयीन वाटली तर १०९८ (मुलांची हेल्पलाइन), गाडीत बसली असेल तर १३९ (रेल्वेची हेल्पलाइन), नाहीतर ११२ (आपत्कालीन मदत) वर फोन करा. गाडी नंबर, डबा, कपड्यांचा रंग सांगा. नुसतं ‘संशयास्पद’ म्हणून शोध लागत नाही. मोठी खूण म्हणजे तिचं तिकीट, आधार, मोबाइल सगळं दुसऱ्याच्या खिशात आणि तिच्याऐवजी उत्तरंही तोच देतो.

‘राजीखुशीने आलीय’ ऐकून मागे फिरू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये मानवी तस्करी ठरवताना पीडितेची संमती धरलीच जात नाही. अल्पवयीन मुलीची तस्करी असेल तर किमान १० वर्षं सक्तमजुरी. पोलीस ठाण्यात हद्दीचं कारण सांगितलं, तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी नोंदवता येणारी तक्रार.