ओळख नाही, भांडवल नाही. जागांच्या धंद्यात शिरू कसा?

प्रश्न : माझं वय 22. जागांच्या खरेदी-विक्रीत उतरायचं आहे. घरात कुणी बिल्डर नाही, एजंट नाही, गाठीला पैसाही नाही. सगळे म्हणतात, या लाइनीत ओळखीशिवाय पान हलत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर : ओळख लागते, पण ती आधीच असायला हवी असं नाही. एका भागातल्या जागांची खडान्‌खडा माहिती ज्याच्याकडे असते, त्याच्याकडे लोक आपणहून येतात. म्हणून पहिले तीन महिने फक्त माहिती जमवा.

अर्ध्या तासात पायी पालथा घालता येईल एवढाच भाग घ्या. तिथे विक्रीला किंवा भाड्याला निघालेल्या 100 जागांची वही करा. जाहिरात प्रथम दिसली ती तारीख, मागितलेली किंमत, मजला, इमारतीचं वय, भाव उतरवला तर कधी आणि किती, हे रकाने हवेतच. सगळ्यात अवघड रकाना सौदा प्रत्यक्षात कितीला ठरला त्याचा. नवशिके तो कोरा ठेवतात आणि मागितलेल्या किमतीलाच बाजारभाव समजतात. चार महिने पडून असलेली जागा मालकाची इच्छा सांगते, भाव नव्हे. बऱ्याच देशांत नोंदलेले व्यवहार पाहता येतात, तिथून आकडा मिळतो. नाहीतर शेजाऱ्यांना विचारा, आणि दोघांचा आकडा जुळला तरच लिहा.

दुसरी फसगत क्षेत्रफळाची. जाहिरातीत 1000 चौरस फूट असतं, आत कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं प्रत्यक्ष वापरता येणारं क्षेत्रफळ, भरतं 700. म्हणजे कार्पेटचा दर दिसतो त्याच्या जवळजवळ 1.43 पट. वहीत सगळ्या जागा कार्पेटवरच लिहा आणि टेप खिशात ठेवा.

जागा बघताना दिवाणखान्याच्या सजावटीत रमू नका. एका खोलीत एकाच भिंतीला ताजा रंग दिसला की हात लावून ओल बघा. जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत आडवा डाग असेल तर ओल खालून चढत असावी. छताजवळ असेल तर वरचं न्हाणीघर किंवा गच्ची तपासा. केसासारखे तडे बहुधा प्लास्टरचे. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा निघालेला आणि 5 मिलिमीटरहून रुंद तडा दिसला, तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाला पुढे नेऊ नका. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख घाला. महिन्याने तडा खुणेपुढे सरकला असेल तर तो अजून वाढतो आहे. जागा सकाळी आणि रात्री, दोन्ही वेळा बघा. वरच्या मजल्यावर पाण्याचा जोर आणि रस्त्याचा आवाज दुपारी कळत नाही.

प्रश्न : एजंटच्या हाताखाली राहू की स्वतंत्र काम करू?

उत्तर : वर्षभर हाताखाली. पुष्कळ ठिकाणी दलालीला परवाना किंवा नोंदणी लागते, ती आधी तपासा. तुम्ही आणलेल्या गिऱ्हाइकात तुमचा वाटा किती, ते पहिल्या दिवशी लेखी घ्या. व्यवहार झाल्यावर तो मागायला गेलं की वाद होतो. जागा दाखवताना तारीख, पत्ता आणि गिऱ्हाइकाची सही असलेली चिठ्ठी घ्या. मालक आणि गिऱ्हाईक परस्पर भेटून दलाली बुडवतात ते ही चिठ्ठी नसते म्हणून. इसाराची, म्हणजे सौदा पक्का करताना दिलेली आगाऊ रक्कम स्वतःच्या खात्यात कधीच घेऊ नका, दोन दिवसांसाठीही नाही. महागडी शिबिरं मात्र टाळा. तो पैसा सहा महिन्यांच्या घरखर्चासाठी राखा, कारण पहिली दलाली हातात पडायला वेळ लागतो.

प्रश्न : कर्जावर घर घेऊन भाड्याने दिलं तर हप्ता भाड्यातून निघेल का?

उत्तर : हिशेब करून बघा. घराची किंमत 100 धरा, कर्ज 80, व्याज 9 टक्के, मुदत 20 वर्षं. वर्षाचे हप्ते होतात सुमारे 8.64. वर्षाचं भाडं 4 धरलं, एक महिना घर रिकामं राहिलं आणि दुरुस्ती-करात भाड्याचे 15 टक्के गेले, तर हाती उरतात 3.07. दरवर्षी साडेपाचाहून जास्त खिशातून. दहा वर्षं हप्ते भरूनही 80 पैकी सुमारे 57 मुद्दल शिल्लक असतं, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच मोठं. भाडं किमतीच्या किती टक्के येतं, हा रकाना वहीत वाढवा आणि भाव वाढेलच असं धरून घर घेऊ नका.