अर्धा वर्ग समोर, अर्धा पडद्यावर

काही मुलं वर्गात आणि काही घरून ऑनलाइन, असा एकत्र तास घेणाऱ्या शिक्षकांच्या पत्रांना इथं उत्तरं देतो. या खेपेलाही निम्म्याहून जास्त पत्रं कॅमेऱ्याबद्दलच आहेत. घोडं अडलंय आवाजापाशी, पण असो.

प्रश्न : फोर-के (जास्त स्पष्ट चित्राचा) कॅमेरा घ्यावा का?

नको.

प्रश्न : घरून जोडलेली मुलं म्हणतात, वर्गातले काय बोलतात ते कळत नाही. कॅमेऱ्यातला माइक 8 मीटरवरचा आवाज पकडतो, असं विक्रेत्यानं सांगितलं होतं.

या ‘पकडतो’वरच तर दुकान चालतं! पकडतो ना, पंख्याची घरघर, बाकांची करकर आणि भिंतींवरून परतलेला घुमाराही तितक्याच इमानानं पकडतो. अंतर दुप्पट झालं की बोलणाऱ्याचा थेट आवाज साधारण 6 डेसिबलनं उतरतो. अर्ध्या मीटरवरचा माइक चार मीटरवर गेला की 18 डेसिबल गेले. घुमारा मात्र खोलीभर जवळपास तेवढाच राहतो. आवाजाचं बटण वाढवलंत तर दोन्ही वाढतात, हाती काही लागत नाही. समोर बसलेल्याला हे जाणवतही नाही, कारण दोन कानांच्या जोरावर मेंदू नको ते बाजूला सारतो. पलीकडच्याला एकाच माइकातून सगळा काला मिळतो. म्हणून शिक्षकाला कॉलर माइक आणि मुलांत फिरवायला हातातला दुसरा. तो नसेल तर वर्गातला प्रत्येक प्रश्न आधी स्वतः मोठ्यानं म्हणा, मग उत्तर द्या. फुकट आहे, आजपासून जमतं, तरी कोणी करत नाही. छतात माइक बसवायचे असतील तर ध्वनितज्ज्ञाला खोली दाखवल्याशिवाय पैसे मोजू नका. विक्रेत्याचा माणूस म्हणजे ध्वनितज्ज्ञ नव्हे.

प्रश्न : वर्गातल्या मुलांनीही लॅपटॉप जोडले की शिट्टी वाजते. व्हायरस असेल का?

नाही. एकाच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या माइकात शिरून गोल फिरत राहतो. वर्गात एकच माइक आणि एकच स्पीकर चालू ठेवा. बाकीच्यांनी जोडताना ऑडिओ घेऊच नये.

प्रश्न : प्रश्न विचारला की ऑनलाइन मुलं गप्प. सहकारी म्हणतात, त्यांचं लक्षच नसतं.

सहकारी स्वतः किती थांबतात? अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांत हे मोजलं होतं. प्रश्न टाकून शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत. तीन सेकंद थांबले की उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येत. पलीकडच्याला तर आवाज उशिरा पोचतो, वर म्यूट काढायचा असतो. मनात दहा आकडे मोजा, आणि पहिलं उत्तर तिकडूनच घ्या. एखादं मूल तरीही सतत गप्पच राहिलं, तर त्याच्या घरच्यांशी बोला आणि कानांची तपासणी सुचवा. आळशी ठरवणं सोपं असतं.

प्रश्न : तास रेकॉर्ड करून सगळ्यांना पाठवतो. सगळेच करतात, चालेल ना?

‘सगळेच करतात’ हा कायदा नव्हे. त्यात मुलांचे चेहरे आणि आवाज आहेत. संस्थेच्या कायदेविषयक सल्लागाराला आधी विचारा.

प्रश्न : लांबच्या लॅपटॉपपर्यंत पोचावं म्हणून ओरडून शिकवते. तीन महिने आवाज घोगरा आहे. गुळण्यांनी बरं वाटेल का?

बाई, तीन महिने कशाची वाट पाहिलीत? घोगरेपणा चार आठवड्यांत गेला नाही तर स्वरयंत्र तपासून घ्यायचं असतं. याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. कॉलर माइक मात्र उद्याच्या तासालाच लावा.