डायव्हर्टर बिघडला म्हणून मुदत ठेव मोडू नका

तुमच्या पत्रातली अडचण थोडक्यात अशी: बाथरूममधल्या मिक्सरचा डायव्हर्टर, म्हणजे पाणी तोटीऐवजी शॉवरकडे वळवणारा भाग, नीट काम करत नाही. नॉब वर ओढला तरी बरंचसं पाणी खालच्या तोटीतूनच पडतं, शॉवरला धार येत नाही. प्लंबर म्हणतो अख्खा मिक्सर बदला. त्यासाठी टाइल्स फोडाव्याच लागणार असतील तर बाथरूमच नवं करून घेऊ, असं घरात ठरत आलंय. पैसे मुदत ठेव मोडून उभे करायचे की हप्त्यांवर, असं तुम्ही विचारता.

आत्ता दोन्ही नको. आधी आतला भाग बदलून बघा.

मिक्सर पितळी असेल आणि कुठे चिरलेला नसेल, तर तो सहसा वर्षानुवर्षं टिकतो. झिजतं ते आतलं रबर, म्हणजे ओ-रिंग किंवा वॉशर. पाणी जड असेल तर क्षार साचून दांडा अडकतो. त्यामुळे पाण्याची वाट पूर्ण बंद होत नाही. पुरवठा बंद करून नॉब खोलायचा, क्षार धरलेला धातूचा भाग व्हिनेगरमध्ये थोडा वेळ भिजवून धुवायचा, नवीन रिंग घालून तिला सिलिकॉन ग्रीस लावायचं. तेल किंवा व्हॅसलीन लावू नका, त्याने काही प्रकारचं रबर फुगतं. मिक्सर भिंतीच्या आत बसवलेला असला तरी बहुतेक मॉडेलमध्ये कार्ट्रिज, म्हणजे पाणी वळवणारा आतला सुटा भाग, समोरूनच निघतं, टाइल्सना हात लावावा लागत नाही. प्लंबरला नेमकं हेच विचारा: कार्ट्रिज समोरून निघेल का? जुना भाग सोबत नेऊन त्याच मापाचा आणा. बिल जपून ठेवलं असेल तर वॉरंटीही बघा.

एक शक्यता मात्र आधी तपासा. काही डायव्हर्टरमध्ये नॉब पाण्याच्या दाबावरच वर टिकतो. दाब कमी असेल तर तो आपोआप खाली येतो. तसं असेल तर नवाकोरा मिक्सरही तेच करेल आणि सगळा खर्च वाया जाईल.

पण म्हणून "चालतंय तोवर चालू दे" असंही करू नका. शॉवर सुरू ठेवून तोटीखाली एक मिनिट बादली धरा आणि पाणी मोजा. समजा 2 लिटर भरलं. घरातले चौघं दहा-दहा मिनिटं अंघोळ करत असतील तर रोज 80 लिटर वाया जातं, महिन्याला 2,400 लिटर. शिवाय हे पाणी तापवलेलं असतं. 80 लिटर पाणी 20 अंशांनी तापवायला साधारण 1.9 युनिट वीज लागते. विजेचा गिझर असेल तर महिन्याला 55 युनिटच्या वर! तुमच्याकडच्या वीजदराने याला गुणा आणि समोर दुरुस्तीचा खर्च ठेवा. तो किती महिन्यांत वसूल होतो ते लगेच कळेल. पाण्याचे पैसे वेगळे.

दुरुस्तीचा खर्च महिन्याच्या घरखर्चातून भागण्यासारखा असतो, त्याला ठेव लागत नाही. मुदतीआधी ठेव मोडली की व्याज कमी मिळतं, अनेकदा वर दंडही कापतात. हप्त्यांवर घेतलं तर व्याज तुम्हीच भरणार. नवं बाथरूम हवं असेल तर जरूर करा, त्यात काही गैर नाही. पण तो वेगळा खर्च आहे. त्याचं अंदाजपत्रक काढा, दरमहा ठरावीक रक्कम बाजूला टाका आणि पैसे जमले की काम सुरू करा.

माझं मत एकाच परिस्थितीत बदलेल: भिंतीला ओल आली असेल, टाइल्स पोकळ वाजत असतील किंवा मिक्सरलाच चीर गेली असेल तर. भिंतीतला पाझर थांबवणं टाळता येत नाही. तेव्हा आणीबाणीसाठी राखलेल्या पैशाला हात लावायला हरकत नाही. तरीही खर्च गळतीपुरताच करा आणि फोडायच्या आधी दुसऱ्या प्लंबरला एकदा दाखवून घ्या.