नेम आणि चष्मा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सर, वय 54, प्रोग्रेसिव्ह चष्मा (लांबचा-जवळचा नंबर एकाच काचेत) आहे. जुनी स्प्रिंगवाली ब्रेक बॅरल (नळी मोडून भरायची) एअरगन आहे, शेतावर मातीच्या बांधापुढे 10 मीटरवर कागद लावून मारतो. हल्ली पुढची साइट (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) पुसट दिसते म्हणून मित्राचा .22 रायफलवरचा स्कोप (दुर्बीण) लावला, तर टार्गेटच धूसर आणि दहा-बारा छर्‍यांत झीरो (स्कोपचा जुळवलेला नेम) हलतो. स्कोप खराब आहे का?

उत्तर : खराब असेलच असं नाही, पण तो तुमच्या कामाचा नाही. .22 चे बरेच स्कोप साधारण 50 यार्डांना सेट असतात, त्यामुळे 10 मीटरवर धूसर दिसणारच, एओ म्हणजे पुढची रिंग फिरवून 10 यार्डांपर्यंत फोकस होणारा एअरगनचा स्कोप बघा. क्रॉसहेअर (स्कोपमधली फुली) स्वतः पुसट वाटत असेल तर डोळ्याजवळची रिंग पांढर्‍या भिंतीकडे बघत फिरवा, पण टक लावून बघत बसू नका, डोळा जुळवून घेतो आणि फसवतो.

झीरोचं म्हणाल तर स्प्रिंगची बंदूक आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते आणि साधे स्कोप फक्त मागच्या झटक्यासाठी बनवलेले असतात, शिवाय माउंट (स्कोप धरणारी पकड) बंदुकीवरच्या 11 एमएमच्या रेलवर (पट्टीवर) हळूहळू मागे सरकतो. माउंटच्या मागे पेन्सिलने रेघ मारा आणि वीसेक छर्रे मारून बघा, रेघ झाकली गेली की समजा सरकतोय. मग स्टॉप पिनवाला एकसंध माउंट घ्या, पिन रेलच्या भोकात बसली पाहिजे. रेघ तिथेच आणि झीरो तरी हलतोय, तर बॅरलच्या सांध्याचे स्क्रू तपासा, तेही घट्ट असतील तर स्कोप आतून गेला असावा.

पण खरं सांगू, मी स्कोपच्या आधी चष्मा बदलला असता. गाल बटला (बंदुकीच्या मागच्या भागाला) टेकला की तुम्ही प्रोग्रेसिव्ह काचेच्या वरच्या कोपर्‍यातून बघता, तिथे धड काहीच दिसत नाही. लांबच्या नंबरात +0.50 घालून नेमबाजीपुरता एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या. डोळ्यापासून पुढच्या साइटचं अंतर टेपने मोजून न्या (बंदूक घेऊन दुकानात जाऊ नका, उगाच पळापळ होईल). जोडीला मागे पीप साइट लावली तर बारीक भोकातून साइट आणि टार्गेट दोन्ही बर्‍यापैकी स्पष्ट दिसतात, फक्त उजेड भरपूर लागतो. आधी कार्डाला टाचणीने भोक पाडून त्यातून बघा. तरीही पुसटच असेल तर नंबराचा प्रश्न नाही, मोतीबिंदू वगैरे तपासून घ्या.

प्रश्न : मुलगी 10 मीटर एअर रायफल खेळते, नंबर -3.5. मॅचला स्कोप चालेल का?

उत्तर : नाही, तिथे दुर्बीण चालत नाही. शूटिंग फ्रेम (नेमबाजीच्या चष्म्याची खास चौकट) घ्या, त्यातली काच ती नेम धरते तेव्हा नजरेला काटकोनात बसवता येते. दुसरा डोळा मिटायला लावू नका, त्याने थकवा येतो, त्यापुढे अर्धपारदर्शक पट्टी लावा.