लेकीला तिन्ही हवंय, धरायचं काय?

प्रश्न: मुलगी बारावी सायन्सला आहे. मोबाइल अवकाशाच्या फोटोंनी भरलेला, वहीत चित्रविचित्र इमारती, आणि घरी कोणी आलं की त्याला खिडकीशी बसवून फोटो काढते. आमचे हे म्हणतात, 'एक ना धड, भाराभर चिंध्या.' तिने काय करावं? तिने काढलेला सासूबाईंचा फोटो सोबत जोडलाय. – एक आई, मुलुंड

ताई, फोटो मोठा करून पाहिला. उजेड एकाच बाजूने घेतलाय, त्यामुळे सासूबाईंच्या सुरकुत्या उठून दिसतात. पण पलीकडचा डोळा अंधारात बुडालेला नाही. ही नजर शिकवून येत नाही. तेव्हा चिंध्या नाहीत या. तिन्हीकडे ती उजेडच बघतेय.

पण बघायला आवडणं वेगळं आणि त्यामागचं काम आवडणं वेगळं. अवकाशातली जेम्स वेब दुर्बीण टिपते तो मुख्यतः अवरक्त प्रकाश, आपल्याला न दिसणारा. एकेका फिल्टरमधून कृष्णधवल प्रतिमा येते. मग लांब तरंगलांबीला लाल, आखूडला निळा असे रंग चढवले जातात. यातला बराचसा कच्चा डेटा इंटरनेटवर फुकट मिळतो. सुट्टीत तिला तो उतरवून रंगवू द्या. त्यामागचं विज्ञान खोदावंसं वाटलं, तर बीएस्सी फिजिक्स. कंटाळली, तर ते प्रेम वॉलपेपरपुरतं राहिलं तरी काही बिघडत नाही.

माझा कौल आर्किटेक्चरला, गणिताशी वैर नसेल तर. बी.आर्क. पाच वर्षांचं, बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवंच, वर नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर. मात्र प्रायोगिक इमारत म्हणजे वेडीवाकडी इमारत, हा समज आधी काढा. तिला पेडर रोडला नेऊन आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची कांचनजुंगा ही उंच निवासी इमारत दाखवा, 1983 सालची. मुंबईत समुद्र आणि वारा पश्चिमेकडून, पण दुपारचं ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. म्हणून त्यांनी इमारतीच्या कोपऱ्यांत दुमजली उंचीच्या गच्च्या कोरल्या. जुन्या बंगल्यातला व्हरांडा करायचा तेच काम त्या करतात. आकार अडचणीतून आलाय, हौसेतून नाही. शिर्डीला जाणं झालं तर कोपरगावजवळचं माया सोमैया ग्रंथालयही बघा (शाळेच्या आवारात आहे, आधी विचारून जा). मुंबईच्याच समीप पडोरांच्या ऑफिसचं काम. विटांच्या पातळ थरांचं वळणदार छप्पर, आणि मुलं चक्क त्यावर चालतात.

हेही सांगून ठेवते: नोकरीची पहिली वर्षं बहुधा जिने, संडास आणि पालिकेच्या मंजुरीच्या ड्रॉइंगमध्ये जातात, आणि पगार बेताचाच.

पोर्ट्रेटला पदवीची अट नाही. गौतम राजाध्यक्ष शिकले केमिस्ट्री, मग जाहिरात क्षेत्रात गेले, आणि पुढे सिनेमातले बहुतेक मोठे चेहरे त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसले. महागड्या कॅमेऱ्याचा हट्ट सध्या पुरवू नका. फोन आणि खिडकी पुरे. फक्त फोटोग्राफीच हवी म्हणाली, तर मुंबईतल्या जे.जे. कला महाविद्यालयाच्या उपयोजित कलेचा विचार करा, तिथे छायाचित्रण शिकवतात.

या रविवारी तिच्या हातात मेजर टेप द्या आणि राहत्या घराचा नकाशा मापांसकट काढायला सांगा, भिंतींच्या जाडीसह. जेवायची हाक ऐकूनही उठली नाही, तर नाटाचा फॉर्म भरा.