जिल्ह्यातल्या सगळ्या खात्यांचे नकाशे एका वेब-पोर्टलवर आणायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

महसूल, बांधकाम, पाणीपुरवठा सगळ्यांचे नकाशे एकत्र हवेत, मग परवान्याचं सॉफ्टवेअर घ्यायचं की फुकटचं, असं तुम्ही विचारलंय. मी याच कामात आहे. फुकटचं घ्या. पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमध्ये डेटा, त्यावर तो वेबवर पुरवणारा जिओसर्व्हर, ब्राउझरमध्ये नकाशा दाखवायला ओपनलेयर्स, कर्मचाऱ्यांना नकाशे दुरुस्त करायला क्यूजीआयएस. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेलं केंद्राचं पायाभूत प्रकल्पांच्या नियोजनाचं पीएम गतिशक्ती पोर्टल गांधीनगरच्या बायसॅग-एन या सरकारी संस्थेने मुक्त स्रोत (ओपन सोर्स) तंत्रज्ञानावरच उभं केलंय. जिल्ह्याला एवढं पुरून उरेल.

खरी अडचण वेगळीच आहे. कुठला थर, म्हणजे रस्ते किंवा गावं अशी नकाशावरची एकेका विषयाची माहिती, कोणी अद्ययावत ठेवायचा, हे निविदा काढण्याआधी लेखी ठरवा. रस्त्यांचंच घ्या. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. एखाद्या रस्त्याची प्रमुख जिल्हा मार्ग म्हणून दर्जोन्नती झाली की तो जिल्हा परिषदेकडून बांधकामकडे जातो. पण दोघांनी आपापल्या शेपफाइल, म्हणजे नकाशाच्या फाइली, आधीच देऊन ठेवलेल्या असतात, त्यामुळे पोर्टलवर तोच रस्ता दोनदा दिसतो, दोन क्रमांकांनी आणि दोन वेगळ्या लांबींनी. मग त्यावरून खड्ड्यांचं अंदाजपत्रक कोण करणार? म्हणून फाइली गोळा करत बसू नका. ज्याचा थर त्यानेच मूळ तक्त्यात दुरुस्ती करायची. बाकीच्यांनी तो डब्ल्यूएमएसने, म्हणजे सर्व्हरवरून चित्राच्या रूपात, फक्त पाहायचा, आकडेमोड करायची असेल तर डब्ल्यूएफएसने, म्हणजे प्रत्यक्ष डेटाच्या रूपात, घ्यायचा. दर्जोन्नतीचा आदेश निघाला की नोंद कोण बदलणार, त्याचं पदनाम कागदावर हवंच.

गावं नावावरून जोडू नका. वडगाव, पिंपळगाव एकेका तालुक्यात कितीतरी सापडतात, शिवाय बुद्रुक-खुर्दचं लेखन प्रत्येक कार्यालयात निराळं. केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला, म्हणजे एलजीडीचा, गावाचा कोड हीच चावी ठेवा.

विदर्भात असाल तर आणखी एक काळजी घ्या. यूटीएम या नकाशाच्या निर्देशांक पद्धतीचे पट्टे, म्हणजे झोन, ४३ आणि ४४ पूर्व ७८ अंश रेखांशावर बदलतात. पुणे ४३ मध्ये, नागपूर ४४ मध्ये. कंत्राटदाराने झोन न लिहिता फाइल दिली तर परत पाठवा.

सुरुवात रस्ते आणि गावांच्या सीमा या दोनच थरांनी करा. जिल्हा परिषद आणि बांधकाम विभाग एका तक्त्यावर काम करायला लागले की मगच तिसरं खातं घ्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या आढावा बैठकीत याच पोर्टलवरचे आकडे ग्राह्य धरायला लावा, नाहीतर खाती आपली एक्सेल शीट सोडत नाहीत.